बेळगाव की कोल्हापूर, हे नंतर

खानापूर (जि. बेळगाव)

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉट्सॲपवरचा निरोप दोनदा ऐकला. पहिल्यांदा कुकरच्या शिट्टीत निम्मा गेला. "बाई, बी.एड.चा फॉर्म कुठं घालू, बेळगावात की कोल्हापुरात? चार दिवसांत सांगा." फोनवर हे सांगून होणार नाही म्हणून पत्र लिहिते आहे. वाचायला वेळ लागला तर लागू दे. फॉर्म घालायला लागतो त्याहून कमीच लागेल.

तू शेवटचा प्रश्न आधी विचारलास. गाव नंतर ठरतं. आधी सांग, तुला कितवीला शिकवायचंय? गेल्या मे महिन्यात तुमच्या गावच्या देवळाच्या कट्ट्यावर पाच-सहा पोरं गोळा करून तू चिंचोक्यांवर वजाबाकी शिकवत होतीस, ते मी पाहिलंय. ती पोरं दुसरी-तिसरीची होती. तुझा जीव त्या वयात रमत असेल तर बी.एड. हा तुझा रस्ताच नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. तिथं डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपण अजून ज्याला डी.एड. म्हणतो ते. पीयूसीला, म्हणजे बारावीला, ५० टक्के आणि पुढं दोन वर्षं. पदवी झालेल्या पोरीला डी.एड.ला बसायची लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. शेजारीपाजारी म्हणतील, बी.ए. करून परत मागं गेली. त्यांना म्हणू दे. सहावीपासून पुढं शिकवायचं असेल तर मात्र बी.एड. घे, आणि या पत्रातलं पुढचं सगळं त्यासाठी.

पात्रतेचं आधी संपवते, त्यात फारसं काही नाही. पदवीला किंवा एम.ए.ला ५० टक्के. इंजिनिअरिंगवाल्यांना ५५. राखीव गटांना सवलत त्या-त्या राज्याच्या नियमाने. २०१५ पासून कोर्स दोन वर्षांचा झाला. आमच्या वेळी एकच वर्षाचा होता. परत एक वर्षाचा होणार, अशी बातमी तुझ्या भावाने तुला पाठवली म्हणालीस. तो २०२५ चा मसुदा आहे, आणि त्यातही एक वर्षाची सोय चार वर्षांची पदवी किंवा एम.ए. झालेल्यांसाठी आहे. तुझी बी.ए. तीन वर्षांची. तेव्हा त्या बातमीपायी थांबू नको.

फॉर्ममधला खरा महत्त्वाचा रकाना वेगळाच आहे, आणि तो पोरं सायबर कॅफेतल्या माणसाला भरायला सांगतात. शिकवायच्या विषयांचा रकाना. आम्ही त्याला 'मेथड' म्हणायचो, आता 'पेडॅगॉजी' म्हणतात. पदवीला जे विषय घेतलेस त्यावरच ते ठरतात, आणि पुढं भरतीची जाहिरात आली की तुझे विषय त्या जागेला बसतात की नाही, हे तिथंच बघतात. तुझे मराठी आणि इतिहास. आपल्या भागातल्या प्रत्येक बी.एड. कॉलेजात मराठी मेथड मिळेलच असं नाही. पैसे भरायच्या आधी कॉलेजात जा, ऑफिसच्या खिडकीशी नाही, थेट प्राचार्यांना विचार: मराठी मेथड आहे का, शिकवायला माणूस आहे का, आणि सराव पाठांना मराठी शाळा कोणती देता? तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी इकडं-तिकडं बघितलं तर समजून जा.

त्या तिसऱ्या प्रश्नाला एक कारण आहे. १९८४ साली मी बी.एड. करत होते. तेव्हा आपला जिल्हा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होता. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. सराव पाठांच्या याद्या लागल्या, मराठी शाळेच्या जागा भरल्या होत्या, आणि माझं नाव एका कन्नड शाळेत आलं. विषय इतिहास, आठवी, पाठ कित्तूरच्या राणी चन्नम्माचा. मला भाजीबाजारापुरतं कन्नड येत होतं. रूममेट बैलहोंगलची. तिच्याकडून अख्खं टाचण कन्नडमध्ये करून घेतलं, देवनागरीत उतरवलं आणि दोन रात्रींत घोकलं. १८२४ चं बंड, दत्तक मुलाला इंग्रजांनी दिलेला नकार, किल्ल्याच्या दारातली लढाई, इंग्रज कलेक्टर थॅकरेचं पडणं, सगळं धडाधड. फळ्यावर किल्ल्याचा नकाशासुद्धा काढला. दहा मिनिटं वर्ग गप्प. मग तिसऱ्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि काहीतरी लांबलचक विचारलं. मला एक शब्द कळला नाही. मी मान डोलावली आणि म्हटलं, "हौदु, हौदु." वर्ग हसायला लागला. त्याने विचारलं होतं की राणीने आधीच मुलगा दत्तक घेतला असता तर राज्य राहिलं असतं का, असं काहीसं. आणि मी म्हणत होते, होय, होय. मागच्या बाकावर निरीक्षक सर बसले होते, ते मराठी जाणणारे. पाठ वहीत शेवटी लिहिलं: "पाठ उत्तम पाठ झाला आहे."

ती वही अजून आहे. ये, दाखवते.

तेव्हा कन्नड शीक. हे मी सांगतेय म्हणून तुझ्या बाबांना नवल वाटेल. एक नोव्हेंबरच्या, सीमाभागातल्या काळ्या दिनाच्या मोर्चात आम्ही दोघं एकाच रांगेत चाललोय. माझं म्हणणं काही बदललेलं नाही. मातृभाषेत प्राथमिक शिक्षण मिळावं, हे घटनेच्या ३५०-अ कलमात लिहिलेलं आहे, त्यासाठी भांडावं लागतं याचा मला राग आहे. पण मराठी शाळेतच नोकरी लागली तरी परिपत्रक कन्नडात येतं, प्रशिक्षण कन्नडात होतं, बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात बोलणं कन्नडात. २०१५ च्या कायद्याने कन्नड हा राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीचा झालाय. आमच्या शाळेत एक गुरुजी होते, अत्यंत हुशार, गणिताचे. प्रत्येक परिपत्रक ते माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बाई, यात काय लिवलंय बघा की." तीस वर्षं. पोरांसाठी काही मागायचं तर अर्ज दुसऱ्याने लिहून द्यायचा. आपल्या शाळेची बाजू आपल्याला मांडता येत नाही, तर मराठीचा अभिमान कुणाच्या उपयोगाचा? वर्गात उद्या कुणी पोर म्हणालं "तिळीलिल्री टीचर", म्हणजे समजलं नाही, तर तुला ते कळलं पाहिजे. आणि काय कळलं नाही, तेही विचारता आलं पाहिजे. वाचायला लिपीपासून सुरुवात कर. बसच्या पाट्या पुरेत पहिल्या महिन्यात.

आता गाव.

इकडे कर्नाटकात बी.एड.ला प्रवेश परीक्षा नाही. सरकारी कोट्याच्या जागा पदवीच्या गुणांवर, शिक्षण खात्याच्या केंद्रीय प्रवेश कक्षाकडून भरतात. अर्ज ऑनलाइन, मग कागदपत्रांची तपासणी, मग कॉलेज निवडायचं. बाकीच्या जागा मॅनेजमेंटच्या. तुझे मार्क चांगले आहेत, सरकारी कोट्याची वाट बघ. "सीट संपत आल्या, आजच भरा" म्हणून फोन करणारा माणूस मॅनेजमेंटची सीट विकत असतो. तिकडे महाराष्ट्रात सीईटी आहे: १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत, मराठीतून देता येते. चाळीस बुद्धिमत्तेचे, बाकी सामान्यज्ञान आणि शिक्षकी कल. अंतिम वर्षाच्या पोरांनाही बसता येतं, आणि तिची तारीख पदवीच्या निकालाच्या बरीच आधी असते. म्हणून निकाल लागल्यावर बघू म्हणणाऱ्यांची ती चुकते. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्र बऱ्याच अभ्यासक्रमांत सोय ठेवतो. बी.एड.साठी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत काय लिहिलंय आणि कुठला दाखला मागितलाय, ते शब्द न् शब्द वाच. मामाने सांगितलं, यावर जाऊ नको.

माझं मत विचारशील तर, जिथं शिकवायचं तिथं शीक. लग्नानंतर किंवा नोकरीसाठी पलीकडं जायचं मनात पक्कं असेल तर कोल्हापूर. तिथं पुढं टेट ही शिक्षकभरतीची चाचणी आहे, भरतीचं पवित्र पोर्टल आहे, तो सगळा वेगळा संसार. इथंच राहायचं असेल तर इथं कर, कारण दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेत काढायचे असतात आणि त्या १६ आठवड्यांत तालुक्यातल्या शाळा तुला ओळखायला लागतात. पदवी देशात कुठंही चालते, फक्त कॉलेजला एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, मान्यता हवी. ती मान्यता भिंतीवर फ्रेम करून लावलेली असते. फ्रेम बघू नको, तिच्यातला आदेश आणि जागांची संख्या वाच.

कागदपत्रांपैकी दोन आपल्या भागात हमखास रडवतात. एक नावाचं स्पेलिंग. माझ्या एका विद्यार्थ्याचं नाव ज्ञानेश्वर. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर कन्नड वळणाने जे-एन, आधारवर मराठी वळणाने डी-एन-वाय, पदवीला आणखी तिसरंच. एकाच पोराचे तीन माणूस झाले, आणि तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी तिघांनाही परत पाठवलं. तुझी सगळी कार्डं आज रात्री एका ओळीत मांड आणि अक्षर न् अक्षर ताडून बघ. दुसरा अभ्यासाचा दाखला, कर्नाटकात कितवी ते कितवी शिकलीस याचा. तू पाचवी ते सातवी महाराष्ट्रात चंदगडला मावशीकडे होतीस ना? मग तीन वर्षं त्या दाखल्यात धरली जाणार नाहीत. ग्रामीण कोट्याचा विचार असेल तर तोही हिशेब आधीच कर. जातीचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, नवा काढ, आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) असलेला. आणि लक्षात ठेव, इथं मराठा म्हणून तू ३बी या मागास गटात येतेस. तो दाखला सीमेच्या पलीकडं नुसता कागद आहे.

नॉन-अटेंडिंगचं कुणी विचारलं तर फोन ठेव. "हजेरीची काळजी नको, परीक्षेला तेवढं या" असं सांगणारे आपल्या भागात कमी नाहीत. माझ्या भाचीने तसं केलं, कॉलेजचं नाव घेत नाही. मूळ मार्क्स कार्डं ऑफिसात अडकवून घेतली आणि दर परीक्षेला नवी फी काढली. दोन वर्षांनी हातात पदवी आली, पण पहिल्या मुलाखतीत तिला फळ्यावर एक उदाहरण मांडायला सांगितलं आणि ती खडू हातात घेऊन उभीच राहिली. नियमाप्रमाणे वर्गाला ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते, आणि तो नियम मला तरी बरोबर वाटतो. घरबसल्या दूरस्थ बी.एड.चं स्वप्नही सोड, इग्नूचं बी.एड. आधीच प्रशिक्षण झालेल्या किंवा नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी आहे.

बी.एड. झालं की टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर. १५० प्रश्न, पास व्हायला ६० टक्के, राखीव गटांना सूट. एकदा पास झालीस की आता जन्मभर चालते, पूर्वीसारखी सात वर्षांनी संपत नाही. सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालाने तर पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही ती सक्तीची केली; आमच्या शाळेतले पन्नाशीचे मास्तर सध्या बालमानसशास्त्राची पुस्तकं घेऊन बसलेत. त्यांच्याबरोबर बस. कंपनी चांगली आहे.

भावाला सांग, पीयूसीला असतानाच शिक्षक व्हायचं ठरवलं असेल तर त्याला पदवी आणि बी.एड. एकत्र चार वर्षांत करता येतं, एनसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन. म्हैसूरची आरआयई (प्रादेशिक शिक्षण संस्था) त्यातली जुनी आणि चांगली संस्था आहे. त्याला क्रिकेटमधून वेळ मिळाला तर.

रविवारी ये. अकराची बस पकड, साडेनऊची नंदगडला बराच वेळ थांबते. मार्क्स कार्डांच्या झेरॉक्स आण, मूळ कार्डं घरीच ठेव. आणि चिंचोके आण थोडे, माझी नात तिसरीत गेलीय.

तुझी,
बाई