कार्पसाठी चारा : वास बदलण्याआधी प्रमाण तपासावे

कार्प या गोड्या पाण्यातील माशासाठी गळ टाकून केलेल्या दोन दिवसांच्या बैठकीत पहिल्याच संध्याकाळी बादलीभर मका पाण्यात टाकूनही एकही मासा लागला नाही, तेव्हा आता आमिषाचा वास बदलावा का, असे आपण विचारले आहे. पाणी बरेच थंड होते आणि मका काही तास भिजवून, न शिजवताच वापरला, हेही आपण लिहिले आहे. माझ्या मते वासाचा विचार सर्वांत शेवटी करावा. त्याआधी मका शिजवण्याची पद्धत आणि चाऱ्याचे प्रमाण बदलणे आवश्यक आहे.

अर्धवट भिजलेला दाणा पाणी शोषून फुगत राहतो. असे दाणे खाल्ल्यावर ते आतड्यात फुगले तर माशाला इजा होते, त्यामुळे दाणे नीट शिजवण्याचा प्रश्न मासा लागण्या-न लागण्यापुरता नाही. या बाबतीत मी तडजोड करत नाही. मका २४ तास भिजवावा. दाणे फुगून वर येतात, म्हणून भांड्यात पाणी भरपूर ठेवावे. नंतर सुमारे अर्धा तास उकळून त्याच पाण्यात थंड होऊ द्यावा, कारण दाण्यांतून उतरलेली साखर आणि स्टार्च त्या पाण्यात असतात. चिमटीत दाबल्यावर साल शाबूत राहून आतला गर दबला, की दाणा तयार झाला असे समजावे. टायगर नट (आमिष म्हणून वापरले जाणारे छोटे कंद) अधिक कठीण असतात. ते २४ ते ४८ तास भिजवून किमान अर्धा तास उकळावेत. बुरशी आलेले दाणे मात्र सरळ फेकून द्यावेत.

आता प्रमाणाकडे येतो. कार्पला जठर नसते. घशातील दातांनी चिरडलेले अन्न थेट आतड्यात जाते आणि ते पचण्याचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो. साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात कार्प जोमाने खातो, तर १० अंशांच्या खाली त्याची भूक फारच मंदावते. थंड पाण्यात बादलीभर मका टाकला, तर जवळ आलेल्या दोन-चार माशांचे पोट त्यातल्या थोड्याशा दाण्यांतच भरते आणि गळावरचा दाणा त्यांच्या तोंडी लागण्याची शक्यता जवळपास उरत नाही. टाकलेला चारा परत काढता येत नाही, वाढवता मात्र केव्हाही येतो. म्हणून दोन-तीन मुठींनी सुरुवात करावी, तळातून येणारे बुडबुडे, गढूळ होणारे पाणी आणि पृष्ठभागावर उलटणारे मासे यांकडे लक्ष ठेवावे, आणि मासा लागल्यानंतरच आणखी मूठभर टाकावे.

माशांचा कोणताच मागमूस नसलेल्या जागी चांगला चाराही वाया जातो. नव्या तलावावर पहिला तासभर गळ न टाकता काठाने फिरून पाणी पाहण्यात घालवला, तर तो वेळ पुढे भरून निघतो.

बॉयली, म्हणजे अंड्यांत कोरडे पीठवजा मिश्रण मळून उकळलेल्या आमिषाच्या गोळ्या, घरी करायच्या असतील, तर सहा अंड्यांना साधारण अर्धा किलो कोरडे मिश्रण लागते. अंडी फेटून त्यांत मिश्रण थोडे थोडे घालावे, म्हणजे कणीक हवी तेवढी घट्ट करता येते. गोळ्या उकळत्या पाण्यात एक ते दोन मिनिटेच ठेवाव्यात आणि एका वेळी थोड्याच सोडाव्यात, नाही तर पाण्याची उकळी बसते. नंतर त्या कापडावर पसरून सुकवाव्यात. थंडीत मिश्रणात तेल कमी ठेवावे, कारण गार पाण्यात तेल घट्ट होते, नीट पसरत नाही आणि माशाला पचायलाही जड जाते.

आमिष गळात न ओवता त्याच्या मागे बारीक दोऱ्यावर बांधावे. लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या ब्रिटिश मासेमारांनी रूढ केलेल्या या 'हेअर रिग'मागचे कारण माशाच्या खाण्याच्या सवयीत आहे : कार्प अन्न ओढून घेतो, ओठांनी आणि मिशांनी पारखतो आणि नको असलेले क्षणात बाहेर फेकतो. गळाचे टोक उघडे असेल, तर या बाहेर फेकण्याच्या क्षणीच ते खालच्या ओठात रुतते. टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढून पाहावे. ते घसरले, तर गळ बदलावा. हे प्रत्येक माशानंतर तपासावे.

या गोष्टी सुधारूनही, मासे समोर दिसत असताना ओढ लागली नाही, तर मग वास बदलून पाहावा. तेव्हाही सर्व चारा बदलू नये. केवळ गळावरचे आमिष बदलावे, म्हणजे फरक कशामुळे पडला ते समजते. सुगंधी द्रव्य बाटलीवर दिलेल्या प्रमाणापेक्षा अधिक घालू नये. उग्र वासाचे आमिष मासे हुंगून सोडून देतात, असेच मी बहुतेक वेळा पाहिले आहे.