तिसरा आठवडा आईला द्या

न्यू जर्सीहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्यांची आई नाशिकला थोरल्या भावाकडे राहते. स्तनाच्या कर्करोगावर दर २१ दिवसांनी एक अशा आठ केमो ठरल्या असून त्यांपैकी तीन झाल्या आहेत. मुलांची थोडी शाळा बुडवून डिसेंबरात तीन आठवडे नाशिकला जाण्याचा त्यांचा बेत आहे. त्या लिहितात, "केमोच्या दिवशीच पोहोचावे आणि पहिले दोन आठवडे आईजवळ बसून काढावेत, असे ठरवले आहे. तिसऱ्या आठवड्यात ती बरीच सावरलेली असते, म्हणून तेव्हा मुलांना घेऊन सासरी ठाण्याला आणि तिथून गुहागरला जाऊन येऊ. आईचे उपचार चालू असताना तिच्याच घरात आम्ही हसणे-खिदळणे मनाला पटत नाही."

तुमची तळमळ माझ्यापर्यंत पोहोचली. तरीही थोडे रागावून सांगते, की तीन आठवड्यांतला जो एकच आठवडा आईला तुमच्याबरोबर आनंदाने घालवता येईल, नेमका तोच तुम्ही समुद्रकिनाऱ्याला देऊन टाकला आहे.

केमोचे चक्र नीट समजून घ्या. उलटी होऊ नये म्हणून सलाइनबरोबर बहुधा स्टेरॉइड देतात, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस माणूस टवटवीत दिसतो, रात्री जागाही राहतो, आणि त्याचा अंमल उतरला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंथरुणाला खिळतो. त्या दिवसांत फोडणीचा वाससुद्धा सोसत नाही, तोंडाला धातूसारखी चव येते. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेलेल्या असतात, म्हणजे घरातल्या लहान मुलाची साधी सर्दीही आजीला महागात पडू शकते. तिसऱ्या आठवड्यात पेशी वर येतात, जेवण जाऊ लागते, आवाजात जोर येतो, आणि तेवढ्यात पुढच्या केमोची तारीख येते. (दर आठवड्याला औषध घेणाऱ्यांचे गणित वेगळे असते, आणि पुढच्या केमोंबरोबर थकवा साठतही जातो, तेव्हा आईच्या डॉक्टरांना चांगले दिवस कोणते, हे स्पष्ट शब्दांत विचारावे.)

हे मी स्वतः चूक करून शिकले. २०११ साली माझ्या वडिलांना लिम्फोमा, म्हणजे लसिका संस्थेचा कर्करोग झाला. मी कॅनडात होते. मिळालेली दहा दिवसांची रजा घेऊन मी सांगलीला केमोच्या दिवशी पोहोचले. आपण परदेशी राहणारी माणसे रजेचा दिवस न् दिवस मोजून जातो आणि त्यातला एकही वाया जाऊ नये म्हणून पोहोचल्याबरोबर कामाला लागतो. मीही तेच केले. रिपोर्टांच्या फाइली लावल्या, बँकेची कामे उरकली, औषधांच्या डब्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि वडील बहुतेक वेळ भिंतीकडे तोंड करून झोपून होते. मी परतल्यावर आठवड्याभराने भावाचा फोन आला, की वडील संध्याकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत गेले होते आणि वाटेत दोनदा म्हणाले, "ती आत्ता यायला हवी होती."

पाचव्या केमोच्या वेळी मी तेराव्या दिवशी पोहोचले. रोज सकाळी तासभर आम्ही चौघे बदाम सात खेळायचो, कारण दुपारनंतर त्यांना दम उरत नसे. वडील पत्ते दाबून ठेवायचे, आई चिडायची, आणि आमच्या हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत जायचा. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारले, "घरात एवढे आजारपण आणि तुम्ही पत्ते खेळता?" वडिलांनी त्यांनाही डावात घेतले. ते दोन वर्षांनी गेले. त्या फाइलींमध्ये काय होते ते आज मला आठवत नाही; पण चौकटची सत्ती लपवून ठेवल्यावर त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते आठवते.

म्हणून तुमच्या बेतातले आठवडे फक्त उलटेपालटे करा. पहिला आठवडा आईचा आणि वहिनींचा. तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे, की वहिनी "हल्ली फोनवर तुटक बोलतात". तीन केमोंच्या उलट्या आणि जागरणे ज्या बाईने काढली, तिने आणखी कसे बोलावे? त्या आठवड्यात त्यांना माहेरी पाठवा आणि रात्रीची पाळी तुम्ही घ्या. आईच्या आवडीचे पदार्थ मात्र त्या दिवसांत हौसेने करू नका, कारण मळमळीत खाल्लेल्या पदार्थाची शिसारी नंतरही टिकू शकते. पुरणपोळी तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा. पेशी उतरलेल्या दुसऱ्या आठवड्यात मुलांना घेऊन ठाणे, गुहागर सगळे उरका. नाशिकला परत आल्यावर कोणी शिंकत नाही ना, एवढे पाहा आणि मग घराचे दार आनंदाला सताड उघडे ठेवा.

त्या आठवड्यात काय करायचे, ते आईला विचारा. तुम्ही ठरवू नका. तिला कदाचित गाडीतून गंगापूर धरणापर्यंत जाऊन सूर्यास्त पाहायचा असेल, कदाचित नातवंडांना रागे भरायचे असेल. रागे भरू द्या. गेले तीन महिने सगळे तिच्याशी रुग्ण म्हणून बोलत आहेत. मुलांना ती फक्त आजी आहे, आणि तुम्ही त्यांना "हळू बोला, आजीला त्रास होतो" असे दटावत राहिलात तर ते एकमेव नातेही आजारी पडेल. आई बरी दिसते असे कळताच नातेवाइकांची रीघ लागेल. त्यांना फोनवरच नम्रपणे थोपवण्याचे काम तुमच्या भावाकडे द्या.

एक गोष्ट मात्र कोणत्याही आठवड्यात विसरू नका. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, की घरची तापाची गोळी देऊन वाट पाहत बसायचे नाही; रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच रुग्णालयाला फोन करून निघायचे. निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे आधी तुम्ही सर्वांनी फ्लूची लस इंजेक्शनने घ्यावी. केमोची तारीख ऐन वेळच्या रक्ततपासणीवर पुढे जाऊ शकते, म्हणून तिकीट बदलता येण्याजोगेच काढा.

तुमचे बाकीचे प्रश्न थोडक्यात. रजेविषयी: अमेरिकेतल्या १९९३ च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजेच्या कायद्यानुसार पात्र नोकरदाराला आईवडिलांच्या गंभीर आजारासाठी वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते आणि गरजेनुसार ती तुकड्यांत घेता येते; तेव्हा मार्चमध्येही आणखी एक तिसरा आठवडा जमतो का ते पाहा. आईला उपचारांच्या मध्यात अमेरिकेला आणण्याचा विचार सोडून द्या. ओसीआयचे (परदेशस्थ भारतीयांच्या ओळखपत्राचे) काम परतल्यावर करा. आणि आजीच्या डोक्यावर केस का नाहीत, हे धाकट्याला कसे सांगावे असे तुम्ही विचारले आहे. तुम्ही सांगू नका. डिसेंबरात नाशिक तुमच्यापेक्षा साडेदहा तास पुढे असते, म्हणजे तुमच्या सकाळी सातला आईचे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. निघण्यापूर्वी तिच्या एखाद्या चांगल्या दिवशी त्या वेळी व्हिडिओ लावा, फोन मुलाच्या हातात द्या आणि आजीलाच सांगू द्या.