ताई, 2023 मधले अल्बम कुठले?

प्रश्न : ताई, 2023 मधले तुमचे आवडते अल्बम सांगा ना. आणि खरं सांगा, पूर्ण अल्बम आता ऐकतं तरी कोण? आमच्याकडे मुलं अर्धं गाणं झालं की पुढचं लावतात.
— सुदामा नगर, इंदूर

उत्तर : मी ऐकते की! आणि माझी अटच ती आहे, जो अल्बम पहिल्या ट्रॅकपासून शेवटपर्यंत मध्ये उड्या न मारता ऐकला आणि संपल्यावर परत लावावासा वाटला तोच यादीत, बाकी कितीही गाजलेला असो. त्यामुळे यादी छोटीच होते.

पहिला नंबर 'अ‍ॅज वी स्पीक'. बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा डबल बास, झाकीरभाईंचा (झाकीर हुसेन) तबला आणि राकेश चौरसियांची बासरी. कागदावर वाचलं तर वाटतं हे काय कडबोळं, बँजोची ती टणटण आणि बासरी? पण लावून बघा. मायर बासवर गज फिरवतात तेव्हा खाली झाकीरभाईंचा बायां, म्हणजे डग्गा, असा घुमतो की क्षणभर कळत नाही गज कुठे संपला आणि डग्गा कुठे सुरू झाला. हे मोबाईलच्या स्पीकरवर अजिबात ऐकू येत नाही हां, तिथे नुसती वरची टणटण येते आणि मग लोक म्हणतात काही खास नाही. हेडफोन घाला, साधा चालेल.

दुसरा 'धिस मोमेंट', शक्ती या भारतीय संगीत आणि जाझ एकत्र करणाऱ्या बँडचा. 1977 च्या 'नॅचरल एलिमेंट्स'नंतर शक्ती या नावाने स्टुडिओत केलेला हा पहिलाच अल्बम, म्हणजे मधे पंचेचाळीसच्या वर वर्षं गेली! गिटारवाले जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीरभाई जुने, शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि सेल्वागणेश नंतरचे, आणि हा सेल्वागणेश म्हणजे पहिल्या शक्तीत घटम वाजवणाऱ्या विक्कू विनायकरामांचा मुलगा, घरातलंच वादन आहे ते. सुरुवातीचा 'श्रीनीज ड्रीम' मँडोलिनवाल्या यू. श्रीनिवासच्या आठवणीत आहे, तो 2014 मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. तक्रार एकच, गिटारला सिंथचा (इलेक्ट्रॉनिक आवाजाचा) मुलामा जरा जास्त झालाय, मला तरी जुनी तारेची गिटारच हवी होती. तरी दुसऱ्या नंबरावरून हलवला नाही.

तिसरा 'लव्ह इन एग्झाइल', गायिका अरूज आफताब, पियानोवर विजय अय्यर आणि बासवर शहजाद इस्माईली. हा सगळ्यांना आवडणार नाही, आधीच सांगते. दहा-दहा, बारा-बारा मिनिटांचे ट्रॅक, उर्दूतल्या थोड्याशाच ओळी, पियानो अगदी सावकाश, आणि बरंचसं तिथल्या तिथे सुचेल तसं वाजवलेलं. पण ज्यांना विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, ऐकायची सवय आहे त्यांना हा जड जाऊ नये. मी हा ऐकून झाला की हमखास इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा राग मारवा लावते, तो 1960 चा एलपी, ज्याच्या दुसऱ्या बाजूला दरबारी आहे. आपल्या गावचा माणूस म्हणून पक्षपात म्हणा हवं तर.

अनुष्का शंकरचा 'चॅप्टर वन' छान आहे, पण चारच ट्रॅक, आपण नीट बसतोय तोवर संपतो. म्हणून बाहेर.

प्रश्न : यादीत मराठी काहीच कसं नाही?
— लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ओरडा पडणार माहीत होतं. 'महाराष्ट्र शाहीर'ची अजय-अतुलची गाणी मीही खूप ऐकली, त्यातल्या 'बहरला हा मधुमास'वर तर आमच्या कॉलनीतल्या बायकांनीसुद्धा रील केली, पण सिनेमाची गाणी मी सुटी ऐकते, सलग नाही, म्हणून माझ्या अटीत बसत नाहीत. मराठीच हवं असेल तर कुमारजींचं (कुमार गंधर्व) 'तांबे गीतरजनी' काढा, कवी भा. रा. तांब्यांच्या गीतांचं. एप्रिल 2023 मध्ये त्यांचं जन्मशताब्दी वर्ष सुरू झालं, ते राहायचे ते देवास आपल्यापासून तासाभरावर, आणि भा. रा. तांबे तर ग्वाल्हेरचे राजकवी. आपल्या माळव्या-ग्वाल्हेरचं इतकं मराठी ऐकायला असताना आपण पुण्या-मुंबईकडे काय बघत बसतो?

प्रश्न : ताई, आजोबांच्या पेटीत फैयाज खाँसाहेबांच्या जुन्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डी सापडल्या. धूळ खूप आहे. मुलाने ऑनलाइन रेकॉर्ड प्लेयर मागवलाय, त्याच्यावर लावू का? आणि जुन्या रेकॉर्डी 'या वर्षीचे आवडते' मध्ये चालतात का?
— वडोदरा

उत्तर : थांबा, आधी लावू नका! त्या रेकॉर्डी लाखेच्या आहेत, व्हिनाइलच्या नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर काहीही लावायचं नाही, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते आणि खाचा कायमच्या जातात. मऊ ब्रशने कोरडी धूळ काढा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओलसर केलेलं मऊ कापड खाचांच्या दिशेनेच गोल फिरवा, मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका, आणि उभ्या ठेवून वाळवा. उन्हात नाही. एकावर एक आडव्याही रचू नका, त्या ठिसूळ असतात, तडकतात.

आता प्लेयर. नुसता 78 चा स्पीड असून भागत नाही. 78 ची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद असते, तिला साधारण तिप्पट जाड टोकाची सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर येते. तेव्हा मुलाला म्हणावं, त्या मॉडेलला 78 ची वेगळी सुई मिळते का ते आधी बघ, नाहीतर परत कर.

आणि हो, चालतात, अगदी चालतात. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं, तेवढ्यात खाँसाहेब राग उभा करतात, बोल घेतात, तान घेतात आणि मोकळे होतात. त्यांचा राग नट बिहाग, 'झन झन झन पायल बाजे', तुमच्या पेटीत निघाला तर वर्षाची यादी तिथेच संपली म्हणा. 1950 मध्ये खाँसाहेब गेले ते तुमच्याच शहरात, त्यामुळे तो आवाज तुमच्या घरी परत सुरू झाला तर मला जरूर कळवा.

प्रश्न : ऑक्टोबर 2023 च्या शेवटी युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून निवडलं. त्यानिमित्त एक काहीतरी ऐकायचं तर काय?
— ग्वाल्हेर

उत्तर : ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित, आणि त्यांचा टप्पा, म्हणजे झपाट्याच्या तानांचा गानप्रकार. बाकी ख्याल नंतर. टप्प्यात एक सूर धड टेकत नाही तोवर पुढची तान सुटलेली असते, पहिल्यांदा ऐकताना काहीच हाती लागत नाही, दुसऱ्यांदा सम (तालाची पहिली मात्रा) सापडते आणि मग मजा. डिसेंबरच्या तानसेन समारोहाला जाणारच असाल, तर जायच्या आधी ऐका, तिथे कुणी टप्पा सुरू केला की शेजारच्याला विचारायला लागणार नाही.