रातपाळीचा आठवडा

प्रिय,

तुझं पत्र वाचलं, इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या काकांमधल्या बापावर तू माहितीपट करतेस, त्याचं फुटेजही पाहिलं. बत्तीस तास चित्रण झालं आणि बाप काही सापडत नाही, म्हणतेस. काका मुलाखतीत 'चाललंय बघा' याच्या पुढं जात नाहीत, म्हणून चित्रावर आपल्या आवाजात निवेदन घालू का, असं विचारतेस. नको. त्या बत्तीस तासांत रातपाळीचा एक दिवस नाही, दुखणं तिथं आहे.

इचलकरंजीचे माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. तू दर वेळी दिवसपाळीला जातेस, कारण उजेड असतो. तिथं तुला माग दिसला, आडवा धागा इकडून तिकडं नेणारा धोटा दिसला, तुटलेला धागा सांधणारी बोटं दिसली. बाप घरात दिसतो, तोही सकाळी कामावरून येऊन भिंतीकडं तोंड करून झोपल्यावर. तेव्हा काकू कुकरची शिट्टी होऊ देतात का ते बघ. पोरगी पाढे कशी म्हणते, टीव्हीचा आवाज कोण बारीक करतं, दारातल्या भाजीवाल्याला हातानं कोण परत लावतं ते बघ. मीटरवर मजुरी घेणाऱ्याची झोप मोडली तर रात्री मागावर त्याचा डोळा लागतो, कापडात खोट राहते, पैसे कापले जातात. हे त्या घरात कुणी कुणाला समजावून सांगत नाही. म्हणून रातपाळीचा आठवडा.

खोली दहा बाय बाराची. ट्रायपॉड उघडूच नकोस. २४ मिलिमीटरची लेन्स लाव, तांदळाच्या पिशवीवर कॅमेरा टेकव आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेव. पंखा बंद करायला सांगायचं नाही, माणूस झोपलाय! माईक कपाटाच्या आडोशाला, वाऱ्याच्या झोतातून बाहेर. तुझ्या फुटेजमध्ये ट्यूबलाइटखाली पट्टे सरकतात, कारण कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमवर राहिला आणि शटर १/४८ सेकंदावर. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट तिच्या तालावर लुकलुकते. २५ फ्रेम, शटर १/५० ठेव, पट्टे जातील.

कारखान्यात छातीवरच्या माईकवर बोलणं मिळणार नाही, तो नाद सोड. आवाज माईकमध्येच फाटला की रेकॉर्डर कितीही भारी असला तरी तो परत नीट होत नाही. मागांचा आवाज वेगळा घे: दोन मागांच्या मधून, दारातून, गल्लीतून, प्रत्येकी दोन मिनिटं. वीज गेली तर कॅमेरा चालूच ठेव. माग थांबल्यावरही माणसं थोडा वेळ ओरडूनच बोलतात. लेन्स आत बदलू नकोस, कापसाची तूस सेन्सरवर बसते.

एका गोष्टीत मात्र ढिलाई चालणार नाही. झोपलेला माणूस 'नको' म्हणू शकत नाही. आधी विचार, आणि त्याच संध्याकाळी, कामावर निघायच्या आधी, घेतलेलं दाखव. 'पुसा' म्हणाले तर त्यांच्यासमोर पूस. चांगला शॉट जाईल, जाऊ दे.

माझ्या फिल्म संथ असतात, त्यात काही घडत नाही, असं लोक म्हणतात. म्हणोत. माझ्या सुरुवातीच्या फिल्ममधले सगळे बाप यंत्रापुढं उभे आहेत आणि एकाचंही घर त्यात नाही, हे मला जास्त टोचतं. तेव्हा माझ्याही डोक्यात रातपाळी नव्हती.

निवेदनाचा कागद बाजूला ठेव. काकूंना फोन कर आणि काकांची रातपाळी कोणत्या वारी बसते ते विचार. पहिला दिवस कॅमेरा बाहेर काढू नकोस, नुसती बस. जाताना चपला दाराबाहेर काढ आणि फोन बंद ठेव.