सी ड्राइव्ह भरलाय, डी रिकामा आहे, तरी ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ का चालत नाही?

म्हणजे तुमची अडचण अशी: ५१२ जीबीचा एसएसडी, विंडोज ११, दुकानदाराने सी १०० जीबीचा केला आणि बाकी सगळं डी ला दिलं. आता सी मध्ये जेमतेम ३ जीबी उरलेत, पट्टी लाल झालीये, आणि डी मध्ये ३०० जीबी नुसते पडून आहेत. तुम्ही डी ‘श्रिंक’, म्हणजे लहान, करून ५० जीबी मोकळे केलेत, पण सी वर राइट क्लिक केलं तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’, म्हणजे ड्राइव्ह मोठा करायचं बटण, पुसटच. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, ८०० रुपये. शिवाय ५१२ चे ४७६ च दिसतात, म्हणून त्याच्यावर संशय.

फॉरमॅटची गरज नाही. ८०० रुपये ठेवा खिशात. आणि ४७६ च्या बाबतीत दुकानदार निर्दोष आहे. कंपनी १०० कोटी बाइट्सना एक जीबी म्हणते. विंडोज १०२४ चा तीनदा गुणाकार करून, म्हणजे १०७ कोटी ३७ लाखांच्या वर बाइट्सना. तोच माल, माप वेगळं. एक टीबीची डिस्क घेतलीत तरी ९३१ च दिसतील.

आता पुसट बटणाचं. तुम्ही सिडकोतले आहात, पण गावाकडे दिंडोरी-निफाडला कुणाची तरी जमीन असेलच, म्हणून तसंच सांगतो. डिस्क म्हणजे एक सलग गट. पार्टिशन म्हणजे त्यातले पोटहिस्से. आणि डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो, तो सातबारा समजा: कुठला हिस्सा कुठून सुरू होतो, कुठे संपतो. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा आणि वरची यादी सोडून खालची आडवी पट्टी बघा. तिथे डावीकडून उजवीकडे बहुतेक असं दिसेल: १०० एमबीचं ईएफआय (कॉम्प्युटर सुरू करायला लागणारं), मग सी, मग काहीशे एमबीचं ‘रिकव्हरी’ (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीचं सामान), मग डी, आणि शेवटी काळ्या पट्टीखाली तुमचे ५० जीबी, ‘अनॲलोकेटेड’, म्हणजे कुणाच्याच नावावर नसलेले.

घोळ इथेच आहे. विंडोजला सी वाढवायला जमीन लागते ती सी च्या उजव्या बांधाला अगदी लागून. ‘श्रिंक’ केल्यावर डी कापला जातो तो मात्र त्याच्या शेवटच्या टोकाकडून. म्हणजे मोकळी जमीन निघाली डी च्या पलीकडे, आणि सी आणि तिच्यामध्ये आख्खा डी, वर रिकव्हरीची ती चिंचोळी पट्टी. मधल्या शेतातून उडी मारून बांध सरकत नाही. त्यामुळे डी कितीही कापलात तरी सी चं बटण पुसटच राहणार. ते ५० जीबी आत्ता डी वर राइट क्लिक करून ‘एक्स्टेंड’ने परत घेऊन टाका, तिथे बटण चालेल, कारण जमीन डी ला लागून आहे.

यावर नेटवर सगळे एकच सांगतात: फुकटचं पार्टिशन सॉफ्टवेअर घ्या, डी उजवीकडे सरकवा, झालं. होतं, मी करूनही बघितलंय. २०१८ चा मे महिना, इंदिरानगरचं घर, जुनी ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. पार्टिशनची सुरुवात सरकवायची म्हणजे त्यातला माल अक्षरशः उचलून पुढे ठेवावा लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ‘अप्लाय’ दाबलं, टक्के चढायला लागले, मी जेवायला बसलो. दुपारी दोनच्या सुमाराला लाइट गेली. इन्व्हर्टर होता, पण त्यावर पंखे आणि दोन ट्यूब, कॉम्प्युटर नाही. लाइट आल्यावर डी समोर ‘रॉ’, म्हणजे आतलं काही वाचता येत नाही, असं लिहून आलं आणि विंडोज नम्रपणे विचारत होतं, ही डिस्क फॉरमॅट करायची का?

नशिबाने तिथे ‘नाही’ दाबायचं सुचलं. एका दुकानात डिस्क दिली, त्यांनी बऱ्याच फाइल काढून दिल्या. पण फोल्डर नाहीत, नावं नाहीत, नुसते आकडे. २०१५ च्या सिंहस्थातले रामकुंडावरचे वडिलांचे फोटो त्यात होते. सात-आठ नीट निघाले. बाकीच्यांत वर आकाश, देवळाचं शिखर, वडिलांचं कपाळ, आणि त्याखाली सपाट करडा रंग. चूक सॉफ्टवेअरची नव्हती. दुसरी प्रत न ठेवता बांध कोरायला बसलो, ती माझी.

तेव्हा आधी बिनधोक उपाय करा. सी मध्ये १०० जीबी नेमके कशाने भरले ते सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, इथे दिसतं. घरच्या कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा दोषी निघतो डाउनलोड्स, डेस्कटॉपवर साठवलेले लग्नाचे व्हिडिओ, आणि फोनचा बॅकअप. तिथेच ‘टेम्पररी फाइल्स’मध्ये जुन्या विंडोजची प्रत दिसली तर ती एकटीच बरेच जीबी देऊन जाते. (त्या यादीत ‘डाउनलोड्स’ची पण खूण असते, ती न बघता टिकमार्क करू नका.) हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून कॉम्प्युटर बंद करणं) वापरत नसाल तर ते बंद करा, त्याची फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के जागा अडवून बसते.

मग मोठं काम. डी मध्ये आधी ‘डाउनलोड्स’ नावाचं नवं फोल्डर बनवा. मग सी मधल्या डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘लोकेशन’ टॅब, ‘मूव्ह’, आणि ते नवं फोल्डर दाखवा. पिक्चर्स, व्हिडिओजचंही तसंच, प्रत्येकाला वेगळं फोल्डर. नवं फोल्डर न बनवता नुसता डी ड्राइव्ह दाखवलात तर विंडोज आख्ख्या डी लाच डाउनलोड्स समजायला लागतं, आणि ते निस्तरता निस्तरता संध्याकाळ जाते. प्रोग्रॅम फाइल्सचं फोल्डर मात्र कट-पेस्ट करून हलवू नका, सॉफ्टवेअर चालणार नाहीत. एवढ्यावर ३०-४० जीबी सुटले तर पार्टिशनचा विषय बंद.

तरीही सी मोठाच हवा असेल, समजा मुलाला मोठी सॉफ्टवेअर टाकायची आहेत, तर माझा क्रम असा. डी मध्ये माल ७० जीबीच्या आसपास, तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करायचा, आणि त्यातले चार-पाच व्हिडिओ उघडून बघायचे. एन्क्रिप्शन (डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा लांबलचक आकडा, कागदावर लिहून ठेवायची. मग डी सरळ डिलीट. आता सरकवायला उरली फक्त ती रिकव्हरीची पट्टी, काहीशे एमबी, मिनिटा-दोन मिनिटांचं काम. लाइट गेलीच तरी डी चा माल बाहेर सुरक्षित. डिस्क मॅनेजमेंट त्या पट्टीला हात लावू देत नाही, त्यासाठी जीपार्टेडसारखं पार्टिशन सरकवणारं टूल लागतं. पट्टी हलवण्याआधी ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी /डिसेबल’, हलवल्यावर ‘रीएजंटसी /इनेबल’ (टाइप अर्थात इंग्रजीत: reagentc /disable, reagentc /enable). ती उजव्या टोकाला गेली की मोकळी जमीन सी ला लागून येते आणि ते पुसट बटण जिवंत होतं. सी २०० ते २५० करा, उरलेल्याचा नवा डी. मध्येच विंडोजने ‘डायनॅमिक डिस्क’ (डिस्कची मांडणीच बदलणारा वेगळा प्रकार) करू का विचारलं तर नको म्हणा.

मुळात सी आणि डी असे दोन हिस्से करायचेच कशाला, हेही विचारलंत. जुनी सवय. १९९६ च्या आधीच्या विंडोज ९५ मध्ये एक पार्टिशन २ जीबीपेक्षा मोठं होतच नव्हतं, मोठी डिस्क कापावीच लागायची. (सी पासून सुरुवात का, तर ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेली.) नंतर वर्षा-दोन वर्षांनी विंडोज बिघडायचं, सी फॉरमॅट करायचा, डी वाचायचा. आज एकच एसएसडी असेल तर मी सगळं सी च ठेवतो. डी म्हणजे बॅकअप असं बरेच जण समजतात, पण एसएसडी गेला की दोघेही त्याच दिवशी जातात.

काही करण्याआधी डिस्क मॅनेजमेंटच्या त्या खालच्या पट्टीचा फोटो इथे टाका. तुमच्याकडे रिकव्हरी डी च्या पलीकडे असेल तर ती पट्टी हलवायची भानगडच नाही, आणि माझे निम्मे शब्द वाया गेले असं समजा.