९ मिमी कार्बाइनला (आखूड रायफलला) पिस्तुलाचा सप्रेसर चालेल का? लांब घ्यावा की आखूड?

चालेल. पण सप्रेसर म्हणजे नळीच्या टोकाला लावायचं, आवाज दाबणारं नळकांडं; त्याच्या आतला स्प्रिंगवाला पिस्टन काढून त्या जागी फिक्स्ड स्पेसर, म्हणजे न हलणारा तुकडा, बसवल्याशिवाय नाही. माझ्या जावईबापूंनी एवढं एक वाक्य ऐकलं असतं तर मी हे उत्तर लिहायला बसलोच नसतो.

मी इंदूरचा, रामबागेतला. अख्खी नोकरी आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून केली. कानपूरला बनलेली सायलेन्सरवाली स्टर्लिंग कार्बाइन ह्या हातांनी किती वेळा उघडली असेल, मोजदाद नाही. ती चालवली की सिनेमातल्यासारखं 'फुस्स' काही होत नाही, बोल्टची खडखड तेवढी ऐकू येते.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे डलासला गेलो होतो. जावई तिथले नागरिक. त्यांनी मित्राच्या सल्ल्यानं आपल्या कार्बाइनला पिस्तुलाचा सप्रेसर घेतला आणि मला रेंजवर नेलं. मी व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे तिथल्या कायद्यानं बंदुकीला हातसुद्धा लावायचा नाही. जन्मभर हेच काम केलेला माणूस मागे बाकड्यावर, मांडीवर पोह्यांचा डबा घेऊन बसलेला!

बसल्या बसल्या सांगितलं, "बापू, पिस्तुलाची नळी प्रत्येक गोळीला हलते, तिच्यासाठी तो पिस्टन. तुमची नळी पक्की आहे. तो आत नुसता आपटत राहील."

"बाबा, इथलं वेगळं असतं."

दुसऱ्या मॅगझिनच्या मध्यावर आवाज बदलला. कानांवर मफ्स असूनही मला कळलं. 'थांबा' म्हणेपर्यंत आणखी दोन गोळ्या गेल्या. सप्रेसर आट्यांवर सैल होऊन तिरका झाला होता, गोळी आतल्या पडद्याला घासून बाहेर पडली होती. टोकाच्या झाकणावर नखाएवढी चंद्रकोर उमटलेली. मी काही बोललो नाही. पोह्यांचा डबा पुढे केला.

तर, लांब की आखूड. १६ इंची नळीत ९ मिमीची दारू आधीच जळून गेलेली असते, तोंडाशी दाब कमी उरतो. त्यामुळे आखूड पुरतो. लांबवाला पुढे वजन लटकवतो, फरक मात्र जेमतेम. खरा फरक गोळीचा. ११५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला साधारण ११२५ फुटांपेक्षा, जोरात जाते. तिचा हवेतला कडाका कुठलाही सप्रेसर थांबवत नाही. १४७ ग्रेनची घ्या. त्यातही डब्यावर सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू जाणारी, असं लिहिलेली.

ब्लोबॅक कार्बाइन (गोळीच्या धक्क्यानंच बोल्ट मागे ढकलला जाणारी) असेल तर धूर टरफल बाहेर पडायच्या खिडकीतून तुमच्याच तोंडावर येणार. तेव्हा गॅस पुढे सोडणारा, कमी बॅकप्रेशरचा, म्हणजे मागे कमी दाब देणारा, बघा, डेसिबलच्या जाहिराती नंतर. अमेरिकेत ९ मिमीच्या नळीवर बहुधा अर्धा इंच व्यासाचे, इंचाला २८ आटे असतात. तेच आटे ५.५६ मिमीच्या, म्हणजे .२२ बोअरच्या, नळीवरही असतात, तेव्हा बसतोय म्हणून .२२ चा सप्रेसर लावू नका, भोक लहान असतं. आणि दर मॅगझिननंतर नळी निशाण्याकडे ठेवून, बंदूक रिकामी करून, फिरवून बघा घट्ट आहे का. कापड धरून, हात भाजतो.

मफ्स काढू नका. सप्रेसर लावूनही ९ मिमी १२५-१३० डेसिबलच्या आसपास राहते. मीही तरुणपणी ऐटीत नुसते कापसाचे बोळे घालायचो. आता रात्री दोन्ही कानांत रातकिडे.

अरे हो, हे आधी सांगायला हवं होतं. एच-१बी वर असाल तर सप्रेसर सोडा, कार्बाइनचंच आधी वकिलाला विचारा. शिकारीच्या लायसनसारखे मोजके अपवाद सोडले तर ती बाळगणंच गुन्हा. सप्रेसर मित्राकडूनही हातोहात घेता येत नाही, एटीएफचा (बंदुकांचं बघणारं तिथलं सरकारी खातं) अर्ज मंजूर व्हावा लागतो. २०० डॉलरचा टॅक्स २०२६ च्या १ जानेवारीपासून शून्य झाला, अर्ज आणि नोंदणी तशीच आहे. आणि इकडे भारतात तर विचारूच नका, ९ मिमीच प्रतिबंधित बोअर.

जावईबापूंनी नवा घेतला म्हणे, कार्बाइनसाठीचाच. लांबवाला.