ब्यूटेनची अँटी आणि गॉश रूपं वेगवेगळ्या बाटल्यांत का मिळत नाहीत?

सिस (दोन मिथिल, म्हणजे CH₃ गट, एकाच बाजूला) आणि ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) ब्यूटीन वेगळे करता येतात, मग ऊर्जेत फरक असूनही अँटी आणि गॉश ब्यूटेन का नाही, असं तुम्ही विचारलंय. दोन मुक्कामांच्या उंचीतला फरक इथे कामाचा नाही. मधला घाट, म्हणजे एका रूपातून दुसऱ्यात जाताना लागणारा ऊर्जेचा चढ, किती उंच, ते बघा.

ब्यूटेनच्या मधल्या बंधाच्या रेषेत डोळा लावा. पुढचा कार्बन पक्का धरून फक्त मागचा फिरवा. दोन्ही एकदम फिरवले तर अख्खा रेणू फिरतो, आकार तोच राहतो. वहीत ही चूक हमखास सापडते. दोन मिथिल गटांत १८० अंश असले की अँटी. ६० अंशांवर गॉश: इथे मिथिल एकमेकांना खेटतात म्हणून ऊर्जा सुमारे ३.८ किलोज्यूल प्रति मोल जास्त. वाटेत १२० अंशांवर मागचे बंध पुढच्यांच्या बरोबर आड येतात, तो चढ सुमारे १५ किलोज्यूलचा. खोलीच्या तापमानाला रेणू हा घाट सेकंदाला अब्जावधी वेळा ओलांडतो. बाटलीत भरणार कुठलं रूप?

२५ अंश सेल्सिअसला अँटी साधारण ७० टक्के, गॉश ३० टक्के. तुमचं उत्तर ८२:१८ येत असेल तर गॉश दोन असतात, डावा आणि उजवा, हे विसरलात. e⁻³·⁸⁄²·⁴⁸ म्हणजे ०.२२ (२.४८ म्हणजे या तापमानाला RT, किलोज्यूल प्रति मोलमध्ये), त्याची दुप्पट घ्यायची.

रूपं वेगळी टिकायला साधारण १०० किलोज्यूलचा घाट लागतो. तेवढ्यावर खोलीच्या तापमानाला अर्धं रूप बदलायला काही तास जातात. ब्यूटीनच्या दुहेरी बंधाला २६० च्या आसपास लागतात, कारण फिरवायचं तर पाय (π) बंध, म्हणजे दुहेरीतला दुसरा बंधच तुटतो.

खरी गंमत मधल्या उंचीच्या घाटांची. डायमिथिलफॉर्मामाइडचा कार्बन-नायट्रोजन बंध कागदावर एकेरी, पण त्याला थोडं दुहेरीपण असतं; घाट सुमारे ८८. त्यामुळे प्रोटॉन एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनचे संकेत टिपणारी तपासणी) नायट्रोजनवरच्या दोन मिथिलचे दोन वेगळे संकेत दिसतात. ती अशुद्धी समजू नका. नमुना तापवत गेलात की संकेत रुंदावतात आणि १०० अंशांच्या बरंच वर एक होतात; मशीन जितक्या जास्त मेगाहर्ट्झचं, तितकं जास्त तापवावं लागतं. हे ड्यूटेरियमवाल्या (जड हायड्रोजनच्या) डीएमएसओ या द्रावकात करा. क्लोरोफॉर्म ६१ अंशांनाच उकळतो, नळीचं झाकण उडेल.